आठ जणांची पंगत: घरचं श्रीखंड, मसालेभात आणि मठ्ठा पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

मित्रमंडळींना घरी जेवायला बोलवायची हौस अनेकांना असते, पण प्रत्यक्षात होतं असं की गप्पा बाहेरच्या खोलीत रंगतात आणि ज्यानं बोलावलं तो गॅसपाशी घाम पुसत उभा राहतो. सगळ्यांची जेवणं उरकली की तो एकटाच गार भात खातो. अशा जेवणात पदार्थ कितीही चांगले झाले तरी मला ते अपुरंच वाटतं. बोलावणाऱ्यानं पंगतीत बसलंच पाहिजे, हे मी पहिलं कलम धरतो आणि पदार्थ त्यावरून ठरवतो.

म्हणून श्रीखंड, मसालेभात, मठ्ठा आणि तिखटमिठाच्या पुऱ्या. श्रीखंड आदल्या दिवशीच तयार होतं आणि मुरल्यावर जास्त चांगलं लागतं. मठ्ठा दोन तास गार ठेवला की मसाल्याची चव त्यात नीट मुरते. मसालेभात झाकून पंधरा-वीस मिनिटं तसाच राहावा लागतो, तेवढ्यात तुम्ही हातपाय धुऊन, कपडे बदलून येऊ शकता. बटाट्याची भाजी, कोशिंबीर, वरणभात हे सगळं पहिल्या वेळी गाळा. तुम्ही किती प्रकार केले हे कोणी मोजत नाही. मात्र भात कच्चा राहिला तर सगळ्यांच्या लक्षात राहतं.

खालचं सगळं प्रमाण आठ मोठ्या माणसांसाठी आहे. जेवण रविवारी दुपारी एक वाजता, असं धरून मी दिवस लिहिले आहेत. वाटी म्हणजे २०० मिलीची. एकदा जी वाटी घ्याल तीच शेवटपर्यंत वापरा.

१. आधी विचारा, मग यादी करा

बोलावतानाच प्रत्येकाला विचारून ठेवा: काय चालत नाही? यात संकोच नको. या बेतात कांदा-लसूण नाही, त्यामुळे बरीच अडचण आपोआप टळते. तरी काही गोष्टी ध्यानात असू द्या.

जैन मित्र असतील तर मठ्ठ्यात ओलं आलं घालू नका, थोडी सुंठ चालते का ते विचारा. भातात बटाटा नको, आणि फ्लॉवरही अनेकजण खात नाहीत. तोंडली-मटारावर भागवा.

काजू-पिस्त्यांची ॲलर्जी असेल तर भातातले काजू आणि श्रीखंडावरचा सुका मेवा दोन्ही बाजूला ठेवा. नुसते वेचून काढून चालत नाही, ते मुळात घालायचेच नाहीत.

गहू चालत नसेल तर पुऱ्या वगळल्या की झालं असं समजू नका. बाजारातल्या हिंगाच्या डबीत बऱ्याचदा मैदा किंवा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. डबीवरचं बारीक अक्षर वाचा, नाहीतर फोडणी हिंगाशिवाय करा.

मधुमेह असणाऱ्या मित्रासाठी साखर घालण्याआधीच वाटीभर चक्का वेगळा काढा. त्यात मीठ, जिरेपूड, बारीक मिरची आणि काकडीचे तुकडे घालून द्या. पुरीबरोबर ते फार छान लागतं, आणि त्याच्यासमोरही काहीतरी खास असतं.

२. सामान आणि भांडी

श्रीखंडासाठी:
- म्हशीचं किंवा फुल क्रीम दूध २ लिटर
- विरजणाला ताजं, गोडसर दही ४ चहाचे चमचे
- साखर ६०० ग्रॅम (नेमकी किती ते चक्क्याच्या वजनावरून ठरेल)
- केशराच्या २५–३० काड्या, वेलदोडे ८–१०, जायफळ एक, चारोळी २ टेबलस्पून, थोडे पिस्ते

मसालेभातासाठी:
- कोलम तांदूळ ४ वाट्या, म्हणजे साधारण ७०० ग्रॅम
- तोंडली पाव किलो, मटारदाणे १ वाटी, काजू २०–२५
- गोडा मसाला ४ चहाचे चमचे, लाल तिखट २ चहाचे चमचे, धने-जिरेपूड २ चहाचे चमचे
- तेल ६ टेबलस्पून, मोहरी, हिंग, हळद, तमालपत्र, कढीपत्ता
- ओला नारळ अर्धा, कोथिंबीर, लिंबं ४, साजूक तूप

मठ्ठ्यासाठी: ताजं दही ७५० ग्रॅम, आलं, हिरव्या मिरच्या, जिरे, कोथिंबीर.

पुऱ्यांसाठी: कणीक अर्धा किलो, रवा २ टेबलस्पून, तिखट, हळद, ओवा, तीळ, तळायला पाऊण लिटर तेल.

भांडी: जाड बुडाचं, रुंद, सहा लिटरचं पातेलं आणि त्यावर नीट बसणारं झाकण; पुरणयंत्र किंवा स्टीलची बारीक जाळीची चाळणी; पातळ सुती कापड; रवी; कढई; आणि शक्य असेल तर स्वयंपाकघरातला वजनकाटा. सहा लिटरचं पातेलं नसेल तर शेजारी विचारा. लहान पातेल्यात कोंबलेला भात खाली गिचका आणि वर कच्चा होतो, हे हमखास.

तांदळाबद्दल थोडं. आंबेमोहोर सुवासिक असतो, पण मऊ होतो आणि चिकटतो. वरणभाताला तो हवा. बासमती मोकळा होतो, पण गोड्या मसाल्याच्या वासाशी त्याचा स्वतःचा वास भांडतो. मसालेभाताला मी कोलमच घेतो. पालघर जिल्ह्यातल्या वाडा कोलमला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तो मिळाला तर उत्तमच, नाहीतर दुकानदाराकडे ‘जुना कोलम’ मागा. नवा तांदूळ पाणी कमी पितो आणि पटकन गिचका होतो.

३. गुरुवार रात्र: विरजण

घरच्या श्रीखंडाचं यश निम्म्याहून जास्त दह्यात असतं. दही आंबट लागलं की कितीही साखर ओता, ते गोड-आंबट असं विचित्रच राहतं. म्हणून दही घरी लावा.

दूध उकळा आणि मंद आचेवर पाच मिनिटं तसंच राहू द्या. मग कोमट होऊ द्या. स्वच्छ बोट दुधात घालून दहापर्यंत आकडे मोजा. बोट आरामात राहिलं आणि ऊब नीट जाणवली, तर ती वेळ विरजणाची. बोट मागे घ्यावंसं वाटलं तर दूध अजून गरम आहे. ऊब जाणवलीच नाही तर किंचित तापवून घ्या.

लिटरला दोन चहाचे चमचे दही पुरे. ‘लवकर लागावं’ म्हणून वाटीभर विरजण घालणं हा नेहमीचा सापळा. दही लागतं लवकर, पण आंबटही तेवढ्याच लवकर होतं. विरजणाचं दही आधी चमच्यात घोटून घ्या, दुधात घाला, एकदा ढवळा आणि झाका. त्यानंतर भांडं हलवायचं नाही, मध्ये उघडून बघायचं नाही. उन्हाळ्यात सहा-सात तासांत लागतं. पुण्या-नाशिकच्या थंडीत दहा-बारा तास लागतात. थंडीत भांडं जाड टॉवेलात गुंडाळून बंद ओव्हनमध्ये ठेवा. ओव्हन सुरू करायचा नाही, फक्त वारा लागू नये एवढ्यासाठी.

दही लागल्या लागल्या फ्रीजमध्ये टाका आणि दोन तास गार करा. गार दह्याचं पाणी स्वच्छ गळतं आणि चक्का कापडातून बाहेर येत नाही.

४. शुक्रवार: चक्का बांधणे

कापड साधं, सुती, रंग न जाणारं हवं. वासाच्या साबणात धुतलेलं कापड घेऊ नका, तो वास चक्क्यात उतरतो आणि मग काही केल्या जात नाही. कापड नुसत्या गरम पाण्यातून काढा, पिळा, चाळणीवर पसरा, दही त्यात ओता. चारी टोकं एकत्र घेऊन सैलसर गाठ मारा.

पहिला तासभर पुरचुंडी नळाला किंवा खिळ्याला टांगा, खाली पातेलं ठेवा. तेवढ्यात बरंचसं पाणी गळतं. नंतर ती चाळणीत ठेवून, वर ताटली आणि ताटलीवर पाण्यानं भरलेला तांब्या ठेवून सगळं फ्रीजमध्ये सरकवा. जुन्या पद्धतीत चक्का रात्रभर बाहेरच टांगतात; थंडीत ते चालतं. एप्रिल-मेमध्ये तसं केलंत तर सकाळपर्यंत तो आंबून बसेल.

आता एक गोष्ट जी बहुतेक पाककृतींत लिहिलेली नसते. चार-पाच तासांनी पुरचुंडी उघडा. कापडाला चिकटलेला थर कोरडा, जवळजवळ पनीरसारखा झालेला दिसेल आणि मधला भाग अजून लुसलुशीत, ओला असेल. कडेचा थर उलथन्यानं किंवा चमच्यानं खरवडून मध्ये घ्या, मधला भाग कडेला सारा, पुन्हा बांधा. हे केलं नाही तर पुढे श्रीखंडात कोरड्या कण्या येतात आणि पुरणयंत्रातून काढूनही त्या पुरत्या मोडत नाहीत.

चक्का तयार झाल्याची खूण: कापड ओढलं की ते स्वच्छ सुटून येतं, आणि मुठीत गोळा दाबला तर बोटांच्या फटीतून पाणी येत नाही. दोन लिटर म्हशीच्या दुधाचा साधारण ८०० ग्रॅम चक्का पडतो. गाईच्या दुधाचा कमी पडतो आणि मऊ होतो. ते वापरणार असाल तर अर्धा लिटर दूध जास्त घ्या.

खाली जमलेलं पाणी फेकू नका. लिटरभर तरी असतं. बाटलीत भरून फ्रीजमध्ये ठेवा, रविवारी पुऱ्यांची कणीक त्यातच भिजवायची आहे.

वेळ नसेल तर? गुढीपाडव्याच्या आणि दसऱ्याच्या सुमाराला डेअऱ्यांत आयता चक्का किलोवर मिळतो. तो घ्यायला हरकत नाही, पण आधी चमचाभर चाखून घ्या. सणाच्या गर्दीत दिवसभर बाहेर राहिलेला चक्का आंबट असतो. सकाळी लवकर जा.

परदेशात राहणाऱ्यांसाठी: दाट ग्रीक योगर्ट, दहा टक्के फॅटचं मिळालं तर तेच घ्या. डब्यावर घटकांची यादी बघा. दूध आणि विरजण याखेरीज जिलेटिन किंवा स्टार्च असेल तर ते घेऊ नका, त्याचं पाणी सुटत नाही आणि श्रीखंड चिकट होतं. साधं निघालं तरी कापडात बांधून तीन-चार तास फ्रीजमध्ये ठेवावंच लागतं. जर्मनीत क्वार्कचं (तिथलं चक्क्यासारखं ताजं, मऊ चीज) श्रीखंड करणारी अनेक मराठी घरं आहेत. त्यातही जास्त फॅटचा क्वार्क निवडा आणि तो तसाच बांधून ठेवा.

५. शुक्रवार रात्र ते शनिवार: साखर आणि पुरणयंत्र

चक्का वजन करा. पूर्वी चक्क्याइतकीच साखर घालत. ते श्रीखंड आज बहुतेकांना डोक्यात जाईल इतकं गोड लागतं. मी पाऊणपट धरतो: ८०० ग्रॅम चक्क्याला ६०० ग्रॅम. ‘अर्धी साखर घालते’ असं कोणी सांगेल, पण अर्ध्या साखरेत चक्क्याचा आंबटपणा वर येतो आणि श्रीखंडाची ती रेशमी चकाकीही येत नाही. साखर इथे नुसती गोडी आणत नाही, ती चक्क्याचा पोतही बदलते.

नेहमीची दाणेदार साखरच घ्या. विकतच्या पिठीसाखरेत गुठळ्या होऊ नयेत म्हणून कधी कधी कॉर्नस्टार्च घातलेलं असतं आणि त्याची पिठूळ चव जिभेवर राहते. चक्का आणि साखर हातानं मळून एकत्र करा, झाकून फ्रीजमध्ये रात्रभर ठेवा. सकाळी मिश्रण पाहाल तर घट्ट गोळ्याऐवजी सैल, चकचकीत काहीतरी दिसेल. घाबरू नका. साखर विरघळली म्हणून ते सैल झालंय. घोटून पुन्हा गार केलं की आळतं.

शनिवारी सकाळी पुरणयंत्राला सगळ्यात बारीक जाळी लावा आणि मिश्रण थोडं थोडं फिरवून काढा. यंत्र नसेल तर स्टीलच्या चाळणीवर घालून वाटीच्या बुडानं घासा. हात दुखतो, पण वीस मिनिटांचं काम आहे. मिक्सर मात्र वापरू नका. मिक्सरच्या पात्यानं चक्का फाटतो, मिश्रण पातळ होतं, आणि मग ते दोन दिवस फ्रीजमध्ये ठेवलं तरी घट्ट होत नाही. नवख्यांचं श्रीखंड बिघडतं ते बहुतेक इथेच.

केशर असंच दुधात टाकलं तर रंग थोडा उतरतो. एक पळी गॅसवर किंचित तापवा, गॅस बंद करा, काड्या पळीत टाका. मिनिटभरात त्या कुरकुरीत होतात. खलात किंवा वाटीत चमच्यानं चुरा आणि फक्त दोन टेबलस्पून गरम दुधात अर्धा तास भिजवा. दूध याहून जास्त नको, श्रीखंड सैल पडेल. हे दूध, वेलदोड्याची पूड, पाव जायफळ किसून आणि अगदी चिमूटभर मीठ श्रीखंडात घाला. जायफळाचा हात आखडता ठेवा. जास्त झालं तर कडवट लागतं आणि झोपही येते, असं घरोघरी सांगतात.

चारोळी घालण्याआधी दोन दाणे चावून बघा. दुकानात फार दिवस पडलेली चारोळी खवट असते आणि एवढ्या मेहनतीच्या श्रीखंडाची चव ती एकटी घालवते. चारोळी आणि पिस्ते वाढताना वरून घाला, आधी घातले तर मऊ पडतात.

आंब्याच्या दिवसांत आम्रखंड करायचं असेल तर आमरस आधी कढईत आटवून दाट करा, गार करा आणि मगच घाला. एवढ्या चक्क्याला आटवलेला रस सव्वा ते दीड वाटी. साखर शंभर ग्रॅम कमी घ्या. डब्यातला गोड रस असेल तर दोनशे. आम्रखंडात केशर-जायफळ नको, हापूसचा स्वतःचा वास पुरेसा आहे.

६. शनिवार संध्याकाळ: पाऊण तास

तोंडली धुऊन दोन्ही टोकं उडवा आणि प्रत्येकाचे उभे चार काप करा. कापताना आत लाल दिसलं तर ते पिकलेलं, बाजूला टाका. भातात ते आंबट आणि गिळगिळीत लागतं. काप झाकणाच्या डब्यात फ्रीजमध्ये ठेवा. परदेशात भारतीय दुकानांत तोंडली ‘तिंडोरा’ या नावानं मिळतात, चिरून गोठवलेलीही असतात. ती न वितळवता थेट फोडणीत घाला.

नारळ खवून ठेवा. कोथिंबीर धुऊन, कपड्यावर कोरडी करून ठेवा, चिरायची रविवारीच. ताटं, वाट्या, पेले मोजून घ्या. एक पेला कमी आहे हे पाहुणे आल्यावर कळू नये.

७. रविवार सकाळी दहा: मठ्ठा

दही रवीनं घुसळा, मग सव्वा लिटर गार पाणी हळूहळू घालत घुसळत राहा. दोन मिरच्या, मूठभर कोथिंबिरीच्या कोवळ्या काड्या आणि दोन चमचे मीठ खलात ठेचा. इंचभर आलं किसून त्याचा फक्त रस पिळा, चोथा नको. पिताना तो घशात अडकतो. ठेचा, रस, भाजलेल्या जिऱ्याची पूड, चिमूट हिंग आणि दोन-तीन चमचे साखर ताकात घाला. साखर गाळू नका, मठ्ठा तिच्याशिवाय नुसतं मसाला ताक होतो. मुलं असतील तर मिरची घालण्याआधी त्यांचे पेले वेगळे काढा. झाकून फ्रीजमध्ये.

८. अकरा वाजता: तिखटमिठाच्या पुऱ्या

श्रीखंडाबरोबर साध्या, टम्म फुगलेल्या गरम पुऱ्या हे जुनं समीकरण आहे, आणि तिथेच बोलावणारा पंगतीतून उठतो. साधी पुरी गार झाली की चामट होते, म्हणून कोणीतरी शेवटपर्यंत कढईपाशी लागतं. तिखटमिठाची पुरी गारही चांगली लागते. प्रवासात आपण तीच तर नेतो. शिवाय तिचा खारट-तिखटपणा आणि श्रीखंडाची गोडी एकमेकांना धरून राहतात. मला तर साधीपेक्षा हीच जास्त आवडते.

कणीक, रवा, दीड चमचा तिखट, अर्धा चमचा हळद, चमचाभर ओवा हातावर चोळून, तीळ, मीठ आणि दोन टेबलस्पून कडकडीत तेलाचं मोहन एकत्र करा. मग चक्क्याचं राखून ठेवलेलं पाणी थोडं थोडं घालत कणीक घट्ट भिजवा. सव्वा वाटीच्या आसपास लागतं. पोळीच्या कणकेपेक्षा ही बरीच घट्ट हवी. वीस मिनिटं झाकून ठेवा, त्याहून फार नको, नाहीतर कणीक सैल पडते.

लाटताना पिठी अजिबात लावू नका. ती तेलात उतरते, जळते आणि पुढच्या प्रत्येक पुरीला काळे ठिपके देते. लाटीला तेलाचं बोट लावा. पुरी कडेला आणि मध्ये सारखी लाटा; मध्ये पातळ झालेली पुरी फुगत नाही. तेल तापलं का ते बघायला कणकेचा वाटाण्याएवढा तुकडा टाका: तो लगेच, पण न करपता वर आला पाहिजे. पुरी सोडली की झाऱ्यानं हलकेच दाबा, फुगली की उलटा, दोन्ही बाजू बदामी झाल्या की काढा. चाळणीत उभ्या ठेवा. गरम पुऱ्या डब्यात बंद केल्या तर वाफेनं ओल्या होतात. पूर्ण निवल्यावरच झाकण लावा. अर्ध्या किलोत पस्तीस-चाळीस होतात.

एखादा मित्र लवकर येणार असेल तर त्याला लाटायला बसवा. मदत मागायला लाजू नका, माणसं त्यात रमतात.

९. बारा वाजता: मसालेभात

साडेअकराला तांदूळ दोन-तीन पाण्यांत धुऊन चाळणीत उपसून ठेवा. काजू कोमट पाण्यात भिजवा. दुसऱ्या गॅसवर आठ वाट्या पाणी उकळत ठेवा. गार पाणी घातलं तर परतलेला तांदूळ दचकतो आणि दाणा तुटतो.

पातेल्यात तेल तापवा. सहा टेबलस्पून ऐकून हात मागे घेऊ नका. सात-आठशे ग्रॅम तांदूळ आणि भाज्या मोकळ्या राहायला एवढं लागतंच. मोहरी पूर्ण तडतडू द्या, मग तमालपत्र, हिंग, कढीपत्ता, निथळलेले काजू, हळद. लगेच तोंडली घाला, परता, झाकण ठेवून पाच मिनिटं वाफ काढा. तोंडली इथेच अर्धवट शिजली पाहिजेत, पुढे भाताबरोबर ती पुरेशी शिजत नाहीत.

आता तांदूळ घाला आणि मध्यम आचेवर चार-पाच मिनिटं परता. सुरुवातीला उलथन्याला तो ओला, जड, चिकट लागेल. मग दाणे सुटे होतील, पातेल्याच्या कडेवर आपटून बारीक खडखड आवाज येईल. तो आवाज ऐकू आला की मटार, गोडा मसाला, तिखट आणि धने-जिरेपूड घाला आणि अर्धा मिनिटच परता. मसाला आधी फोडणीत टाकायचा नाही. त्यातलं खोबरं आणि तीळ लगेच करपतात आणि सगळा भात कडू होतो.

उकळतं पाणी घाला. चार चमचे मीठ, दोन चमचे साखर किंवा गुळाचा लहान खडा, आणि चमचाभर लिंबाचा रस. चमच्यात पाणी घेऊन, फुंकून चाखा: ते जेवणापेक्षा किंचित खारट लागलं पाहिजे, कारण तांदूळ ते ओढून घेणार आहे. भात शिजल्यावर मीठ घालून काही उपयोग होत नाही, वरच्यावर राहतं.

मोठ्या आचेवर झाकण न ठेवता उकळू द्या. पाणी तांदळाच्या पातळीला आलं आणि पृष्ठभागावर लहान लहान भोकं दिसू लागली की एकदाच खालून वर हलवा, नारळातला अर्धा घाला, घट्ट झाकण ठेवा, पातेल्याखाली तवा सरकवा आणि आच अगदी बारीक करा. बारा ते पंधरा मिनिटं. मग गॅस बंद, आणि आणखी पंधरा मिनिटं झाकण उघडायचं नाही. या पंधरा मिनिटांत वाफ दाण्यात शिरते. उलथनं घालून बघण्याची घाई करणाऱ्यांचा भात मोडतो.

प्रेशर कुकरमध्ये करायचा मोह टाळा. चार वाट्या तांदूळ, भाज्या आणि पाणी मिळून पाच लिटरच्या कुकरला जास्त होतं आणि शिट्टीतून मसाला बाहेर येतो. चारच जणांसाठी करत असाल तर कुकर चालेल, एका शिट्टीवर बंद करा.

काही बिघडलंच तर:
- दाणा मध्ये टणक लागतोय: अर्धी वाटी उकळतं पाणी वरून शिंपडा, झाकण ठेवा, बारीक आचेवर पाच मिनिटं.
- पाणी राहिलंय: झाकणाखाली स्वच्छ कोरडं फडकं घाला (टोकं वर घेऊन, आचेपासून लांब), पाच मिनिटं मंद आच. फडकं वाफ शोषतं.
- खाली लागल्याचा वास आला: गॅस बंद करा, वरचा भात ताबडतोब दुसऱ्या भांड्यात काढा, तळ खरवडू नका. जळका वास वर चढायच्या आत काढला तर भात वाचतो.

१०. एक वाजता: वाढणं

जमिनीवर बसा किंवा टेबलाशी, पण एकदमच बसा. ताटात डाव्या हाताला मीठ आणि लिंबाची फोड, श्रीखंड वाटीत, पुऱ्या, मूद पाडून भात, भातावर चमचाभर साजूक तूप, उरलेलं खोबरं आणि कोथिंबीर. भाताचं पातेलं, पुऱ्यांचा डबा आणि मठ्ठ्याचं भांडं पंगतीच्या मध्येच ठेवा. श्रीखंड मात्र वाढायच्या दहा मिनिटं आधीपर्यंत फ्रीजमध्येच असू द्या. पहिलं सगळ्यांना वाढा आणि तुम्हीही बसा. पुढचं ज्याला हवं तो घेईल, किंवा शेजारच्याला वाढेल.

आग्रह जरूर करा. श्रीखंडाचा दुसरा चमचा आग्रहाशिवाय कोणी घेत नाही, आणि मनातून हवा मात्र प्रत्येकाला असतो. पण ज्यानं तब्येतीमुळे नको म्हटलंय त्याला पुन्हा विचारू नका.

११. उरलं तर

मसालेभात दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नका, उन्हाळ्यात तर त्याहूनही कमी. शिजलेल्या भातात वाढणारे काही जंतू असं विष तयार करतात की पुन्हा गरम केल्यानंही ते जात नाही. उथळ डब्यात पसरून लवकर गार करा, फ्रीजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी संपवा. गरम करताना पाण्याचा हबका मारून झाकण ठेवा, वाफ निघेपर्यंत.

मठ्ठा त्याच रात्री प्या. पुऱ्या दुसऱ्या दिवशी चहाबरोबर.

श्रीखंड झाकणाच्या डब्यात फ्रीजमध्ये पाच दिवस चांगलं राहतं, मात्र घेताना दर वेळी कोरडा, स्वच्छ चमचा हवा. मित्रांबरोबर घरी द्यायचं असेल तर छोटे डबे आदल्या दिवशीच धुऊन कोरडे करून ठेवा, आणि ज्यांचा प्रवास तासाभराहून मोठा आहे त्यांना डब्याबरोबर बर्फाची पिशवी द्या.